किड्यांच्या घरात धूर

सई, निहार, तुमच्या शाळेत ‘आजी-आजोबा काय काम करत होते’ असा प्रकल्प होता, तेव्हा तुम्ही फोनवर मला विचारलंत आणि मी म्हटलं, “मी किडे पाळत होते.” तुम्ही दोघं हसलात. तुमची आई पलीकडून म्हणाली, “अगं, नीट सांग ना, प्राध्यापक होतीस म्हणून.” तेही खरंच आहे. पण शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं ती नोकरी होती. काम म्हणाल तर ते निवृत्तीच्या थोडं आधी सुरू झालं आणि गेल्या हिवाळ्यात संपलं. कसं संपलं ते फोनवर सांगता येत नाही. मध्येच आवाज तुटतो, मध्येच तुमची जेवायची वेळ होते. या दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा असा आग्रह झाला तेव्हा ठरवलं, लिहायचं, पण तुम्हा दोघांना सांगितल्यासारखं. बाकीच्या वाचकांनी शेजारी बसून ऐकावं.

आधी जागा सांगते. कवठे येमाईच्या कडेला गावच्या सहकारी सोसायटीचं खताचं जुनं गोडाऊन आहे. वर पत्रा, जाड दगडी भिंती, एक मोठी खोली आणि मागे एक लहान. आम्ही तिथे गेलो तेव्हा युरियाचा वास इतका मुरलेला होता की भिंती दोनदा चुन्याने धुतल्या तरी पावसाळी हवेत तो परत यायचा. दारावर पाटी होती : ‘कीटक व अपृष्ठवंशीय प्राणी शिक्षण केंद्र’. ती मी लिहवून घेतली होती आणि माझ्याशिवाय कोणी वाचली असेल असं वाटत नाही. सगळे किडेघरच म्हणत. अपृष्ठवंशीय म्हणजे पाठीला कणा नसलेले. विंचू, गोम, कोळी, गोगलगाय, गांडूळ हे कीटक नव्हेत. कीटकाला सहा पाय असतात. हे मी इतक्या मुलांना सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. पाटी लागली त्या दिवशी रशीदभाई ती मोठ्याने वाचून म्हणाले, “कणा नसलेले? मग जागा पुरायची न्हाई मॅडम. निम्मं पुढारीच येऊन बसतील.”

रशीदभाई म्हणजे माझे भागीदार. शिरूरच्या बाजारपेठेत त्यांच्या आजोबांपासूनचं दुकान आहे. फवारणीचे पंप, त्यांची दुरुस्ती आणि शेतीची औषधं. आमच्याकडे पिकावर मारायच्या विषाला औषध म्हणतात. मी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, लग्न होऊन इथे आले तेव्हा हा शब्द ऐकून मला हसू आलं होतं. पुढे मीही औषधच म्हणायला लागले. एकदा तुमच्या आजोबांच्या झेंडूसाठी पंपाचं वायसर आणायला मी त्या दुकानात गेले. एक शेतकरी पिशवीत मिरचीची पानं घेऊन आला होता. पानावर काळपट, काटेरी, केसरी ठिपक्यांची अळी होती. रशीदभाईंनी बघितली न बघितली, आणि बाटली काढायला हात वर नेला. मी म्हटलं, “अहो, ती ढालकिड्याची अळी आहे. ती मावा खाते. ती पानावर राहू द्या.”

“मॅडम,” ते म्हणाले, “वायसर घ्या आन् गिऱ्हाईक पळवू नका.”

शेतकरी मात्र पिशवी घेऊन परत गेला. आठवडाभराने रशीदभाई कॉलेजच्या फाटकाशी उभे. हातात काचेची बाटली, आत हिरवा नाकतोडा. “ह्यो कोण? दोस्त का दुश्मन?” त्यानंतर हेच सुरू झालं. दुकानात त्यांनी काउंटरच्या टोकाला एक टेबल टाकलं आणि त्यावर बरण्या मांडल्या. औषधाच्या दुकानात जिवंत किडे. त्यांचे भाऊबंद म्हणायचे, रशीदला लागिर झालंय. गर्दी व्हायला लागली, दुकानात पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा गोडाऊन मिळवलं. ते कसं मिळवलं यात काही रस नाही. खूप चहा प्यावा लागला, एवढंच.

आता कामाबद्दल. बाहेरच्यांना वाटतं, किडे पाळणं म्हणजे काय, ते तर आपोआप होतात. आपोआप होतात ते आपल्याला नको असलेले. हवे असलेले मरतात. बुरशीने मरतात, मुंग्यांनी मरतात, कात टाकताना अडकून मरतात, काही कारण न देताही मरतात. आमच्याकडे काडीकिडे होते, पेरूच्या फांदीवर काडीसारखे निपचित राहणारे. लिंबाच्या रोपांवर फुलपाखरांच्या अळ्या होत्या. दोन काचांमध्ये मुंग्यांचं वारूळ होतं. त्याची लोखंडी चौकट पाबळला तंत्रशाळेत शिकणाऱ्या मुलांनी जोडून दिली होती. खिडकीत सातेरी मधमाश्यांची काचेची पेटी, तिची वाट बाहेर उघडणारी. रेशीमकिडे होते, शेणकिडे होते, मोठे कोळी होते. या सगळ्यांचं करायचं म्हणजे रोज सकाळी पानं आणायची, काल टाकलेली वाळकी काढायची, लेंड्या झाडायच्या, ओलावा बघायचा. सणवार नाही. लक्ष्मीपूजनालाही अळीला पान लागतंच.

सगळ्यात अवघड काय असेल तर औषध न मारलेलं पान. आमच्या भागात भाजी, फुलं, कांदा, ऊस सगळं पाण्याखालचं, म्हणजे बागायती. पाणी आलं की फवारणी आलीच. पेरूचं एक स्वच्छ झाड शोधायला सुरेखाला किती फिरावं लागे, हे मी मोजलं नाही, पण तिच्या चपला लवकर झिजायच्या.

सुरेखा दौंडकडच्या राहू गावची, लग्न होऊन कवठ्याला आलेली. बारावी सायन्स झालेली. नवरा कंपनीत कंत्राटी कामगार, कधी काम असे, कधी नसे. सुरुवातीला ती झाडलोटीला आली. त्याआधी कांदा काढणीला लोकांच्या रानात जायची. वर्षभरात ती मुलांना माहिती सांगायला लागली, आणि माझ्यापेक्षा बरी. मी शिकवायची, ती गप्पा मारायची. तिच्या माहेरी तुती होती, रेशीमकिड्यांचा पाला तिचा भाऊ एसटीच्या कंडक्टरकडे गोणीत बांधून द्यायचा.

गिऱ्हाइकं तर विचारू नका. एक भाजीचे व्यापारी आले होते, गंभीर चेहऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, फक्त शेजारच्याचा कोबी खाईल अशी अळी तयार होती का?” एक गुरुजी पन्नासेक पोरं घेऊन यायचे आणि विंचवाजवळ आले की पोरांना डोळे मिटायला सांगायचे. एक म्हातारी होती, बाजारच्या दिवशी यायची, रेशीमकिड्यांच्या ताटापुढे बसायची. ते पाला खाताना बारीक करकर आवाज येतो. ती त्यांना दटावायची, “आरं, जरा दम खा की. कुणी हिसकावतंय का?” पहिल्यांदा येणारी पोरं गोम बघून किंचाळायची, आणि दहा मिनिटांनी परत रांगेत उभी राहायची. मला अभिमान वाटायचा तो याचा. परत रांगेत उभं राहण्याचा.

हे सगळं चांगलं होतं, पण आम्ही म्हातारे झालो. माझे गुडघे गेले. रशीदभाईंची बायपास झाली, दुकान पुतण्याने घेतलं. सकाळी गोडाऊनची पायरी चढताना मला वाटायचं, आज एक दिवस कुणीतरी दुसऱ्याने पानं बदलावीत. सोसायटीने सांगितलं, तुमच्यानंतर कोण ते ठरवा, नाहीतर गोडाऊन परत द्या. त्यांचं चुकीचं नव्हतं. केंद्र बंद झालं तर मी घरी बसणार होते, रशीदभाई घरी बसणार होते. सुरेखा मात्र कांद्याच्या रानात परत जाणार होती. आमच्या तिघांच्या बोलण्यात हे कधी आलं नाही, पण त्या दिवसांत ती काचा जरा जास्तच पुसायची.

म्हणून मी तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेशी बोलणी केली. त्यांच्या शाळा आहेत, त्यांनी केंद्र चालवायला घ्यावं, आणि सुरेखाला त्यांच्या शाळेची कर्मचारी म्हणून कायम करावं. ही माझी एकच अट होती. संस्थेचे सचिव म्हणाले, आधी बघायला येतो. दिवस ठरला. दसरा नुकताच झाला होता.

गावात पाहुणा येणार म्हटलं की काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. रस्ता झाडला जातो, चुन्याच्या रेघा मारतात, कमान लागते. हे सगळं आबांनी अंगावर घेतलं. दत्तूआबा म्हणजे आमचे शेजारी, गोडाऊनला लागून त्यांचं झेंडूचं रान. ग्रामपंचायतीत उपसरपंच. केंद्राच्या किल्लीचा एक जोड त्यांच्या घरी खुंटीला असायचा, आमच्यापैकी कोणी उशिरा आलं तर असावा म्हणून. आबांनी केंद्राला कधी नाही म्हटलं नाही. त्यांच्या नाती तिथेच पडलेल्या असत. पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही निवांत घरी जावा. सांजचं समदं मी बघतो.” आम्ही सगळी झाडलोट आटपून, मागच्या खोलीला कुलूप घालून घरी गेलो. त्या मागच्या खोलीत चावणारे ठेवलेले असत, विंचू आणि गोमा, आणि अंधार-ओल लागते म्हणून गांडुळं, गोगलगायी. त्या कुलपाची किल्ली फक्त माझ्याकडे असे.

सकाळी सुरेखाचा फोन आला. ती म्हणाली, “मॅडम, लवकर या,” आणि फोन ठेवला.

मी पोचले तेव्हा दाराला झेंडूचं तोरण होतं. आत रॉकेलसारखा, गोडसर वास. काडीकिडे फांद्यांवर होते, काही खाली पडलेले. लिंबाच्या रोपांखाली अळ्या आक्रसून पडल्या होत्या. मधमाश्यांच्या पेटीत तळाला ढीग. मुंग्यांच्या काचेत बोगद्यांमध्ये मुंग्या जिथल्या तिथे होत्या, काहींच्या तोंडात अंडी तशीच धरलेली. सुरेखा रेशीमकिड्यांच्या ताटापुढे उभी होती. करकर नव्हती.

तेवढ्यात आबा आले. नवा पटका, हसतमुख. “बघितलं का मॅडम? पंचायतीची धुराची मशीन आनली. कोपरा न् कोपरा मारून घ्येतला. येक डास ऱ्हायला न्हाई. साहेबांच्या कानाशी गुणगुण नको.”

“आबा,” मी म्हटलं, “आत किडे होते.”

“व्हय की. म्हाईत न्हाई का मला? ते तुमचं किडं. म्या डासांचं औषध मारलंय.”

“औषधाला कसं कळणार आबा, डास कुठला आणि आमचा किडा कुठला?”

“आसं कसं? डासांच्या औषधाचं नाव डासांचं आसतंय. आन् समदी बरणीत व्हती की, झाकनं लावून!”

“झाकणांना भोकं आहेत.”

“भोकं?” आबा म्हणाले. “भोकं कशाला ठेवली?”

याचं उत्तर आबांनीच शोधलं. त्यांनी आत जाऊन बघितलं, बाहेर आले, पायरीवर बसले आणि पटका काढून मांडीवर ठेवला. “म्हंजी... समदी?”

रशीदभाई रिक्षातून उतरले तेव्हा आबा तसेच बसलेले. सगळं ऐकून रशीदभाई माझ्याकडे वळले. मला म्हणाले, “मॅडम, ह्याला काय बोलायचं? जन्मभर मीच सांगत आलो. ही माव्याची बाटली, ही अळीची, ही तुडतुड्याची. माझंच गिऱ्हाईक हाय ह्ये.” मग आबांकडे वळून, “उठा आबा. पटका घाला. डोकं उघडं बघून साहेब घाबरंल.”

पाहुणे यायला फार वेळ नव्हता. पुढे काय करायचं यावर तिथेच, तोरणाखाली, वाद झाला. रशीदभाईंचं म्हणणं, सांगायचंच नाही. “काडीकिडा जित्ता असला तरी हलत न्हाई आन् मेला तरी हलत न्हाई. साहेबाला काय कळतंय? मुंग्यांचं सांगू, थंडीनं झोपल्यात. मधमाश्यांवर कापड टाकू. येकदा का होय म्हटलं साहेब, मग पुन्हा पाळू की समदं. पानं हायत, झाडं हायत.”

“आणि साहेबांनी विचारलं तर?”

“तर मला छातीत दुखतंय. मी हाय की बायपासवाला.”

सुरेखाला हसू आलं, मग तिने तोंड फिरवलं. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं. तसं विचारणं बरोबर नव्हतं, कारण नुकसान व्हायचं होतं ते तिचंच. पण तिला न विचारता ठरवणंही मला जमेना.

तिने पदराने हात पुसले. “तुम्ही सांगा काय ते खरं. तुम्ही सांगितल्याबिगर ऱ्हाणार न्हाई, ठाऊक हाय मला. फक्त सांगताना माझ्याकडं बघू नका.”

सचिव आले. सोबत संस्थेच्या शाळेच्या एक मुख्याध्यापिका होत्या. सचिव साधे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. हार, नारळ, चहा झाला. ते काडीकिड्यांपुढे थांबले, चष्मा पुसून वाकून बघितलं आणि म्हणाले, “वा. किती शांत आहेत.” रशीदभाईंनी छताकडे बघितलं.

मी सांगितलं. काय होतं, कुठे होतं, काल संध्याकाळी काय झालं, कुलपामुळे मागच्या खोलीत काय उरलं. वर्गात सांगावं तसं क्रमाने सांगितलं, मला दुसरं सांगता येत नाही. कोणाचं नाव घेतलं नाही, पण आबा मागून म्हणाले, “म्या क्येलं साहेब. ह्यांचा काय दोष न्हाई.” मी सुरेखाकडे बघितलं नाही.

सचिवांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, “मॅडम, वाईट झालं. पण खरं सांगू का? आमची अडचण हीच होती. जिवंत प्राणी. पालकांना काय सांगायचं? एखाद्या मुलाला काही चावलं तर? सुट्टीत यांचं कोण करणार? मी नाही म्हणायलाच आलो होतो.” त्यांनी मुख्याध्यापिकांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. “हेच सगळं नीट पेट्यांमध्ये टाचून, नावं लावून ठेवलंत, तर आम्ही उद्या घेतो. पाटी तीच राहील. सुरेखाबाईंचीही सोय होईल, तुम्ही म्हणालात तशी. फक्त जिवंत काही नको. एकही नको.”

मी म्हटलं, मुलं मेलेल्या किड्यापुढे परत रांग लावत नाहीत. त्यांना ते कळलं नसावं. ते म्हणाले, “विचार करा,” आणि आबांच्या घरी जेवायला गेले. पाहुणा आला की जेवण ठरलेलंच असतं, आत काय मेलं आहे यावर ते अवलंबून नसतं.

आम्ही तिघं पायरीवर बसलो. रशीदभाई तापले होते. “पेटीत टाचायचं? मग माझ्या दुकानातलं कंपनीचं पोस्टर काय वाईट व्हतं? त्याच्यावर बी किडंच हायत. मॅडम, न्हाई म्हणून टाका. सोसायटीच्या हातापाया पडतो, मी बघतो. पुन्हा उभं करू.”

“कोण उभं करणार?” मी विचारलं.

“आपण.”

“तुम्हाला जिना चढायची बंदी आहे. मला खाली बसलं की उठता येत नाही.”

“सुरेखा हाय की.”

सुरेखा इतका वेळ चहाचे कप गोळा करत होती. ती ट्रे खाली ठेवून म्हणाली, “चाचा, मी हाय म्हंजी काय? पानं मी आणायची, मला काय मिळतंय ते मॅडम आपल्या पेन्शनमधून देणार, आन् उद्या मॅडम नसल्या की?” मग तिला वाटलं, आपण जास्त बोललो. आवाज उतरवून माझ्याकडे वळली. “मला त्ये पाहिजे मॅडम. पेट्यांचं. लई वाईट वाटंल मला, मला बी आवडत्यात ती जित्ती. पर माझी पोरगी आठवीत हाय. मला पाहिजे ते.”

रशीदभाई खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून उगीच बघत बसले.

मला त्या क्षणी राग आला, हे तुमच्यापासून लपवत नाही. तिचा नाही. कोणाचा ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की अळी म्हणजे काय तर पुढचं काहीतरी होणारी. बघा, वाट बघा. आणि आता काचेखाली सुयांनी टाचलेलं, कधीच काही न होणारं, माझ्या पाटीखाली लावायचं. पण सुरेखाच्या चपलांकडे माझं लक्ष गेलं, आणि मी म्हटलं, “ठीक आहे. मी सचिवांना सांगते.”

मग आम्ही टाचायला बसलो. ते कामही सांगते, तुम्हाला कधी लागलं तर. मेलेला किडा वाळला की कडक होतो, पाय उघडायला गेलं तर तुटतो. म्हणून आधी डब्यात तळाला ओली वाळू घालून त्याला दोन दिवस मऊ होऊ द्यायचं. मग छातीतून, उजव्या बाजूने, सुई. फुलपाखराचे पंख थर्माकोलच्या खाचेत कागदाच्या पट्ट्यांनी ताणायचे. खाली चिठ्ठी : नाव, गाव, तारीख, आणि गोळा कोणी केलं. ही शेवटची ओळ आली तेव्हा सुरेखा थांबली. “मॅडम, गोळा कोणी केलं म्हणून कोणाचं नाव लिहू?”

“आबांचं लिव्ह,” रशीदभाई म्हणाले. “येका सांजेत येवढं आजवर कुणी गोळा क्येलं नसंल.”

आबा तिथेच होते. त्या दिवसांत ते रोज यायचे, येऊन थर्माकोल कापून द्यायचे. ते म्हणाले, “लिवा. माझं लिवा. पोरांनी वाचलं पाहिजे.” ते चेष्टेत नव्हते. मी ‘कवठे येमाई’ एवढंच लिहायला सांगितलं आणि ती ओळ कोरी ठेवली. संग्रहशास्त्राच्या दृष्टीने ते चूक आहे.

पेट्या भिंतीवर लागल्या. चांगल्या दिसत होत्या. सुरेखाचा हात स्वच्छ आहे, माझ्यापेक्षा पंख ती सरळ लावते. संस्थेचं पत्र आलं, तिची नेमणूक झाली, पेढे झाले. तिची मुलगी मला नमस्कार करायला आली होती, नवीन दप्तर घेऊन. आनंद झाला. दमायलाही झालं.

उरली मागची खोली. जिवंत एकही नको, या अटीप्रमाणे ती रिकामी करायची होती. सुरेखाच्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, एका थंडीच्या सकाळी तिच्या हजेरीच्या आधी, आम्ही ती केली. गोगलगायी आणि गोमा ओढ्याकाठी सोडल्या. गांडुळांच्या कुंड्या आबांनी मागून घेतल्या. “झेंडूच्या त्या कडंच्या वाफ्याला औषध मारत न्हाई आता मी,” ते म्हणाले. रशीदभाईंनी विचारलं, “किती दिस?” आबा म्हणाले, “बघू की. तुमचा पुतण्या दुकान चालवतो तवर.” ते घरी गेले आणि आम्ही तिघं विंचवांचं खोकं घेऊन पलीकडच्या माळावर गेलो. मोकळे दगड, खुरटं गवत. तिथूनच ते धरून आणले होते.

खरं तर विंचू संध्याकाळी सोडायला हवेत. दिवसा ते निवाऱ्यातून हलत नाहीत, हे मला माहीत होतं. पण सुरेखाला सकाळीच सवड होती, आणि तिला यायचं होतं. तिने खोकं आडवं केलं, झाकण काढलं, तोंडाशी दोन दगड रचून सावली केली. आतल्या कौलाच्या तुकड्याखाली ते सगळे दाटीने बसलेले. एकाची नांगी कडेतून दिसत होती. कोणी बाहेर येईना.

“काडीनं ढकलू का?” रशीदभाईंनी विचारलं.

“नको,” सुरेखा म्हणाली. “त्यांचं त्यांना येऊ द्या.”

आम्ही थांबलो. ऊन चढायला लागलं. सुरेखाने दोनदा मोबाइल बघितला, तिसऱ्यांदा उठून उभी राहिली. “मॅडम, माझी हजेरी हाय. उशीर झाला तर पहिल्याच आठवड्यात लाल रेघ.”

“जा तू.”

“तुम्ही?”

“आम्हाला कुठे जायचं आहे?”

ती वाकून एकदा खोक्यात बघून आली, साडी वर खोचली आणि माळावरून भराभर उतरत गेली. खाली पोचेपर्यंत तिने मागे बघितलं नाही. रशीदभाईंनी माझ्यासाठी एक सपाट दगड झटकला. मी बसले, तेही शेजारच्या दगडावर बसले. खोक्याचं तोंड उघडंच होतं, आत अजून कोणी हललं नव्हतं.

“मॅडम,” थोड्या वेळाने ते म्हणाले, “तुम्हाला उठता यील ना हितनं?”

“नाही,” मी म्हटलं. “बसू या.”